गिरणी सुरू झाली, बाबा

सांगली,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "पूरग्रस्तांसाठी दिलेल्या पैशांचं काय केलंस?" आणि मी "सांगते सावकाश" म्हणून फोन ठेवला. हिशोब तर द्यायचाच आहे, पण त्याच्या आधीचं एक राहिलेलं बोलणं आहे. ते तोंडानं सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

ऐन नवरात्रात सीना नदी फुगली आणि माढा, मोहोळ, तिकडं परांड्यापर्यंत गावंच्या गावं पाण्यात गेली, ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच. आमच्या कॉलनीत दुसऱ्या दिवसापासून गोळा करणं सुरू झालं. सांगलीत हे कुणाला सांगावं लागत नाही. ज्यांच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं होतं, तेच सगळ्यात आधी दार उघडून बाहेर आले. तांदूळ, डाळ, बिस्किटं, चादरी. आणि जुन्या कपड्यांची गाठोडी, न सांगता आलेली. मला मारुती चौकातले आपल्या वेळचे ढीग आठवले, चिखलात तुडवलेले, कुणी न उचललेले. मी म्हटलं, थांबा. आधी एक माणूस वही घेऊन रिकामा जाऊ दे.

हे माझं डोकं नव्हे, बाबा. किल्लारीहून आल्यावर तुम्ही हेच म्हणाला होतात. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला दगड-मातीच्या त्या जाड भिंती अंगावर आल्या. तुम्ही गल्लीतल्या पोरांबरोबर ट्रकमधून गेलात. आईनं आणि शेजारणींनी रात्रभर थापलेल्या भाकऱ्या पोत्यांत होत्या. तिथं पाऊस लागला, भाकऱ्या बुरसल्या, आणि एका म्हाताऱ्यानं तुमच्याकडं भाकरी नाही, पहार मागितली. ट्रकमध्ये पहार नव्हती. हे सांगताना तुम्ही दरवेळी इथंच थांबता.

म्हणून मी आणि तुमचे जावई वही घेऊन गेलो. माढा तालुक्यातलं सीनेकाठचं एक गाव. पंढरपूरपर्यंत रस्ता बरा होता, पुढं चिखल. जमिनीकडं बघवत नव्हतं. वरची माती खरवडून नेलेली, खाली नुसता मुरूम. ऊस आडवा, कांदा गेलेला. शाळेत मात्र धान्याच्या किटांची थप्पी लागलेली, कारण आमच्या आधी बरेच लोक येऊन गेले होते. मी विचारलं, "मग खाताय ना नीट?" तर एक बाई म्हणाली, "ताई, ज्वारी हाय, गहू हाय. दळायचं कुठं?"

गावातली गिरणी चार दिवस पाण्यात होती. मोटार गेलेली, स्टार्टरमध्ये गाळ. शेजारच्या गावाला जाणारा पूल खचलेला. घराघरात धान्य पडून, आणि लोक बिस्किटावर आणि भातावर. किट देणाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी मनापासून दिलं. पण गिरणीकडं कुणी बघितलं नव्हतं.

बाबा, त्या बाईचं वाक्य ऐकलं आणि मला तुमचं मोटार वाइंडिंगचं दुकान दिसलं. गावभागातलं, शटर वाकलेलं, आत कॉइलच्या गुंडाळ्या चिखलात लडबडलेल्या.

आता ते राहिलेलं बोलणं. आयर्विन पुलाखाली धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुम्हाला दोघांना बोटीतून काढलं. ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी आल्यावर, तुम्ही सुखरूप आहात हे कळेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. नंतर मंगल कार्यालयात एक मंडळी किट वाटायला आली. तुमचा नंबर आला, त्यांनी किट तुमच्या हातात धरायला लावलं आणि म्हणाले, "काका, इकडं बघा, हसा जरा." तुम्ही किट खाली ठेवलंत आणि रांगेतून बाहेर पडलात. मी सगळ्यांदेखत तुम्हाला बोलले. "घरात दाणा नाही आणि कसला ताठा दाखवताय?" असं म्हणाले. तुम्ही काही बोलला नाहीत. आईनं नंतर जाऊन ते किट आणलं, पदराखाली धरून. मला ते सगळं अजून दिसतं.

त्याच आठवड्यात बाहेरच्या महापालिकांचे सफाई कामगार आले होते. त्यातला एक पोरगा आपल्या घरातला गाळ ओढत होता. देवघरापाशी थांबला आणि आईला म्हणाला, "काकू, हे मी धुऊ, की तुमच्या हातानं धुणार?" आई तेव्हा पहिल्यांदा रडली. त्याला तुम्ही चहा पाजलात, पाठीवर हात ठेवलात. मदत तुम्ही नाकारली नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला माफ करा.

तर हिशोब. तुमचा जुना कारागीर, जो आता कुपवाडला स्वतःचं काम करतो, त्याला मी फोन केला. "मालकांचे पैसे आहेत" एवढंच म्हणाले, तो दुसऱ्या दिवशी पहाटे हत्यारं घेऊन दारात. मजुरी घेतली नाही. तुमच्या ११,००० मधून तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग, एक नवा स्टार्टर आणि गाडीचं डिझेल. त्यानं मोटार उघडली, स्टेटर, म्हणजे तारेची गुंडाळी असलेला आतला न फिरणारा भाग, गोड्या पाण्यानं धुतला, आत बल्ब लावून रात्रभर सुकवला. तुम्ही करायचात तसंच. एक फेज गेलेला निघाला, मग सगळंच वाइंडिंग नवीन भरलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरणी फिरली. पहिलं पीठ काळपट आलं, ते गुरांना टाकलं. मग बायकांची रांग लागली, डबे घेऊन. त्या रांगेत कुणाची मान खाली नव्हती, कारण दळणाचे पैसे त्या देत होत्या आणि गिरणीवाला घेत होता. मी भिंतीला टेकून बघत बसले, बाबा. फोटो काढला नाही.

आई, तुझ्या सहा नव्या साड्या आहेत तशा आणल्या परत. तिथं साड्या पुष्कळ आल्या होत्या. बायकांनी बाजूला बोलावून परकर आणि आतले कपडे मागितले, पॅड मागितले. ते पुरुषांना कसं सांगणार? ते पंढरपुरातनं घेतलं. साड्यांचं काय करायचं तू सांग. एका घरात मुलगा बारावीला आहे, त्याची आई फीच्या काळजीनं अर्धी झालीय. किल्लारीच्या वेळी भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी १२०० मुलं पुण्याला शिकायला नेली होती. बाबा ते अजून सांगतात. आपल्याला एका मुलाचं बघता येईल का, दादाशी बोलते.

पुढच्या शनिवारी परत निघतोय. पाण्यातच बसणाऱ्या सबमर्सिबल पंपांना फारसं झालेलं नाही, पण काठावरच्या मोनोब्लॉक पंपांच्या मोटारी अजून नऊ आहेत आणि रब्बीची ज्वारी पेरायची घाई. तुमचा मेगर, ते इन्सुलेशन तपासायचं यंत्र, तुम्ही पुण्याला नेलात ना, २०२१ ला घर सोडताना? कारागीर विचारत होता. दादा गुरुवारी येतोय, त्याच्याबरोबर द्या. आणि तुमची तब्येत बरी असेल, गुडघा साथ देत असेल, तर तुम्हीच त्याच्याबरोबर या. गाडीत पुढची सीट तुमची.

तुमची लेक