तालिकेचं कार्ड आणि लेखाचा सारांश : एक आभारपत्र

चि. … यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव लिहीत नाही, कारण तू नको म्हणालास. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयांची संकेतस्थळं सांभाळणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. गणपतीच्या सुट्टीत दोन दुपारी माझ्याशेजारी बसून तू जे शिकवलंस, ते त्यांच्याही कामी येईल.

बालविभागातलं तुझं जुनं सभासद कार्ड शोधायला तू आला होतास. मी संगणकापुढे होते. तू पडद्याकडे पाहिलंस आणि मुखपृष्ठावरचे लेख मोठ्याने वाचायला लागलास. ‘आपल्या वाचनालयाच्या वतीने दरवर्षीप्रमाणे याही वर्षी मराठी भाषा गौरव दिनाचे औचित्य साधून…’ पुढची चौकट, ‘आपल्या वाचनालयाच्या वतीने दरवर्षीप्रमाणे याही वर्षी वाचन प्रेरणा दिनाचे औचित्य साधून…’ सहाच्या सहा चौकटी तशाच. दीपप्रज्वलन, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, आणि मग कंसातली तीन टिंबं. वक्ते काय बोलले ते एकीतही नव्हतं.

“काकू, हे शब्द कुणी निवडले?” तू विचारलंस. मला वाटत होतं, आमचं संकेतस्थळ ज्यावर चालतं ते वर्डप्रेस लेखातलं महत्त्वाचं तेवढं काढून देतं. तू समजावलंस की त्यात निवड अशी काही नसते. एक्सर्प्टची, म्हणजे लेखाच्या सारांशाची, चौकट रिकामी ठेवली की ते लेखाचे पहिले ५५ शब्द उचलतं, त्यातला ठळक-तिरपा, लिंक, चित्रं सगळं काढून टाकतं आणि तिथेच थांबतं. आमच्या वृत्तांतात पहिले ५५ शब्द पाहुण्यांच्या नावांतच संपायचे.

मग तू उठलास, कोपऱ्यातल्या जुन्या तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांच्या, कपाटाचा एक खण ओढलास आणि त्यातलं एक कार्ड माझ्यापुढे धरलंस. माझ्याच अक्षरातलं. “हे करताना पुस्तकाची पहिली चार वाक्यं उतरवली होती का?” नव्हती. पुस्तक चाळून, त्यात काय आहे हे पाहून, शोधणाऱ्याला काय लागेल याचा विचार करून मी ते कार्ड लिहिलं होतं. ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्याच वर्षी रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम शिकवतात, त्यातला चौथा आहे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. तो नियम मी इतकी वर्षं कपाटापुढे पाळत आले आणि संकेतस्थळावर कधी लावलाच नाही. त्या क्षणी मला जे समजलं त्याबद्दल तुझे आभार मानायला हे पत्र आहे. बाकीचं सगळं त्यातूनच निघालं.

पहिला सारांश आपण ग्रंथपाल दिनाच्या वृत्तांताला लिहिला. १२ ऑगस्टला एका पुस्तकबांधणी करणाऱ्या कारागिरांना आपण बोलावलं होतं. त्यांनी जुनी पुस्तकं कशी टिकवायची ते दाखवलं, पण लेखात ते सहाव्या परिच्छेदात होतं. तू मला लेख मिटवायला लावलास आणि म्हणालास, “आता फोनवर माझ्या आईला सांगा, काय झालं त्या दिवशी.” मी बोलत गेले, तू टिपत गेलास. ‘पावसाळ्यात पुस्तकांना कसर का लागते, लागलीच तर पानं न फाडता ती कशी झटकायची आणि पुस्तकं थेट उन्हात का ठेवू नयेत, हे बांधणीच्या कारागिरांनी हाताने करून दाखवलं.’ पंचवीसच्या आसपास शब्द, आणि त्यात एकाही पाहुण्याचं नाव नाही. अध्यक्षांना वाईट वाटेल म्हणून मी कचरत होते. नावं लेखात आहेतच, तिथून काही हललेलं नाही, असं तू शांतपणे दाखवलंस.

त्यातल्या ‘कसर’ या शब्दाने तर मला चकित केलं. लेखकाने सबंध लेखात ‘ग्रंथकीटक’ असा भारदस्त शब्द वापरला होता. सभासद येऊन विचारतात ते कसरीबद्दल. तू आपल्याच संकेतस्थळाच्या शोधचौकटीत ‘कसर’ टाकलंस, तर ‘कार्यकर्त्यांनी कोणतीही कसर ठेवली नाही’ असे वृत्तांत ओळीने आले, कसरीवरचा लेख मात्र आला नाही. वर्डप्रेसचा शोध शीर्षक, मजकूर आणि हाताने लिहिलेला एक्सर्प्ट, तिन्हींत पाहतो. सारांश साठवून आपण पुन्हा शोधलं तेव्हा तो लेख यादीत आला. लेखकाची भाषा न बदलता वाचकाच्या तोंडचा शब्द जोडायला सारांशात जागा असते. हे मी आता नव्या लेखकांना आवर्जून सांगते.

दुसऱ्या दिवशी आपण ती प्रश्नचिन्हं सोडवली. बातम्यांच्या पट्टीत ओळींच्या शेवटी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह यायचं, आणि मी दोन वर्षं ती टंकनाची चूक समजून लेख पुन्हा पुन्हा तपासत होते. थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या दिसण्याचा साचा, करून देणाऱ्यांनी त्या पट्टीतला मजकूर बाइट, म्हणजे संगणकातल्या साठवणीची मापं, मोजून कापला होता. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन लागतात, मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे धरून. कात्री मध्येच पडली की अक्षर फुटतं. अक्षरं मोजून कापलं तरी ‘कि’चा नुसता ‘क’ उरू शकतो किंवा जोडाक्षर अर्धवट लोंबकळतं, म्हणून तू शब्द मोजून कापणारी ओळ घातलीस. आणि सारांश हातानेच लिहिलेला असला तर कापायची वेळच येत नाही, हेही सांगितलंस.

बारीकसारीक गोष्टी तर कितीतरी. ‘मोअर’ची खूण घालून लेख जिथे तोडतो तिथपर्यंतचा मजकूर जसाच्या तसा पुढे येतो, तो काही सारांश नव्हे. ‘पेज’ प्रकारच्या पानांना एक्सर्प्टची चौकट मुळात मिळत नाही, ती वेगळी उघडून घ्यावी लागते. तुझ्या कचेरीत वर्डप्रेससारखंच द्रुपल आहे, तिथेही सारांश रिकामा ठेवला तर सुरुवातीची सहाशे अक्षरंच छाटून येतात. लिंक पाठवली की खाली दिसणारा मजकूर आपल्या प्लगइनने, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या पूरक साधनाने, याच सारांशातून घेतला. गूगल मात्र तो दाखवीलच असं नाही, कधी कधी पानातलं दुसरंच वाक्य उचलतं, हे तू आधीच सांगून ठेवलंस ते बरं झालं.

एका गोष्टीसाठी मात्र विशेष आभार. आपले एक सभासद दृष्टिहीन आहेत, मोबाइल वाचून दाखवतो त्यावर ते संकेतस्थळ ऐकतात. तू त्यांना फोन लावून विचारलंस, “मुखपृष्ठावर लिंक ऐकताना काय ऐकू येतं?” ते म्हणाले, “पुढे वाचा. पुढे वाचा. पुढे वाचा.” इतके महिने ते असं ऐकत होते आणि कधी तक्रार केली नव्हती. मला फार लागलं ते. तू त्या लिंकमध्ये लेखाचं शीर्षक घातलंस, पडद्यावर न दिसणारं पण ऐकू येणारं. त्यांनी लगेच ऐकून पाहिलं आणि मुखपृष्ठावरची सगळी शीर्षकं आपल्याला फोनवर म्हणून दाखवली.

तू गेल्यापासून रोज चार लेख घेते. दोनशेच्या वर होते, आता तीसेक उरलेत. सगळे सारांश एका बटणात करून देणारी साधनं आहेत, हे आपल्या नव्या सहायकाने सांगितलं. पण मी हातानेच करते, कारण त्या निमित्ताने एकेक जुना लेख पुन्हा वाचून होतो. दोन लेखांना सारांशच लिहिता येईना, तेव्हा कळलं की त्यांत सत्काराशिवाय काही नव्हतं. ते वृत्तांत लिहिणाऱ्यांना मी आता आधी विचारते, वक्ते काय म्हणाले ते दोन वाक्यांत सांगा, मग बाकीचं लिहा.

तुझं सभासद कार्ड सापडलं. बालविभागाच्या जुन्या नोंदवहीत चिकटलं होतं, कोपरा तेवढा कसरीने खाल्लाय. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
वाचनालयातली काकू