‘पूर्वीसारखा’ म्हणजे नक्की कसा?

संपादक महाशय,

कालच्या पुरवणीतला मूत्राशयाच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. असे विषय तुम्ही घेता त्याबद्दल आभार. पण ‘आतड्यापासून नवीन मूत्राशय, पेशंट पुन्हा पूर्वीसारखा’ हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा हेच ऑपरेशन झालेला आमचा दादा खो खो हसला आणि लगेच बाथरूमकडे पळाला, यातच काय ते समजा.

लहान आतड्याचा 50-60 सेंटिमीटरचा तुकडा घेऊन पिशवी शिवली तरी शेवटी ते आतडंच ना, भरलं की आतून कळत नाही. मग घड्याळ बघून जायचं, बसून पोटावर जोर द्यायचा, रात्री अलार्म लावून उठायचं, आणि अलार्म ऐकू आला नाही तर वहिनीने चादरी धुवायच्या, त्या पण आपल्या इथल्या पावसात! यातलं एक अक्षर लेखात नाही. वर पोटावर बाहेरून लघवीची पिशवी लावणाऱ्यांबद्दल ‘बिचारे’ असा सूर. अहो, किडनी कमजोर असेल तर डॉक्टरच तो मार्ग सुचवतात, त्यात बिचारं काय?

आणि आतडं म्हटलं की लघवीत चिकट म्यूकस, म्हणजे शेंबडासारखा स्राव, येणारच. त्यानेच मागे एकदा दादाची लघवी अडकली, रात्रीच जवळच्या हॉस्पिटलात नेला. ड्युटीवरच्या डॉक्टरने नळी घातली, त्यातून बुळबुळीत काहीतरी आलं तर म्हणे पू आहे, लिहा अँटिबायोटिक. वहिनी ऑपरेशनची फाईल पुढे करून सांगतेय, डॉक्टर, हे सलाईनने धुवायचं असतं, आम्हाला सर्जननी सिरिंज घेऊन शिकवलंय. उत्तर काय, तर ‘तुम्ही बाहेर बसा’. फाईल उघडलीसुद्धा नाही. दादा कण्हत होता, शेवटी ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन लावून दिला तेव्हा कुठे सिरिंज आली. ऑपरेशन करणारे मोठे, मान्य, पण नंतर पेशंट जातो तो जवळच्याच दवाखान्यात ना? तिथल्यांना कोण सांगणार? पुढचा लेख त्यावर येऊ द्या.

आता विषय निघालाच आहे म्हणून, दर तीन तासांनी जावं लागणाऱ्या माणसाने डिचोलीहून पणजीला बसने यायचं तरी कसं? परवा वाटेतल्या एका स्टँडवर टॉयलेटला कुलूप, चावीवाला म्हणे जेवायला गेलाय, तेही सकाळी दहा वाजता. कुलपाचा फोटो काढलाय, छापणार असाल तर पाठवतो.

आपला नियमित वाचक,
डिचोली