आण्णांच्या उत्तरासाठी थांबलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं त्या एका दुपारीच कळलं होतं. बार्शी रस्त्याला, नान्नजच्या अलीकडं आत गेल्यावर लागणारं तुमचं रान ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. समोर बोलायला गेले की गळा भरून येतो, म्हणून लिहितेय.

थंडी शिवरात्रीला जाते म्हणतात. यंदा तिनं तेवढीही वाट बघितली नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत पोरं स्वेटर घालून फिरली, आणि त्यानंतर बघता बघता घरोघरी पंखे सुरू झाले. २०२३चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१पासूनच्या नोंदींमधला देशातला सगळ्यात तापलेला होता. तेव्हापासून फेब्रुवारी आला की सोलापूरकराच्या पोटात गोळा येतो, पुढं एप्रिल-मे कसा जायचा म्हणून. पण आमच्या घराला यंदाची ही लवकर आलेली ऊब हवी होती. आण्णांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून थंडीत त्यांचा उजवा हात आखडून जायचा. आख्खा हिवाळा त्यांनी पूर्व भागातल्या आमच्या घरात, खिडकीपाशी काढला. ऊन चढलं तसं त्यांनी स्वतःहून बाहेर बोट दाखवलं.

त्याआधी एकदा प्रयत्न केला होता. एका मोठ्या, पाट्या-बिट्या लावलेल्या हुरडा पार्टीच्या ठिकाणी गेलो होतो. माणशी पूर्ण पैसे घेतले आणि आम्हाला गाड्या लावतात त्या कडेला बसवलं. वाढणारा आण्णांच्या डोक्यावरून मला विचारत होता, "यांना काय चालतं? यांना देऊ का?" आण्णा समोर बसलेले, ऐकत होते. त्यांनी तोंड उघडलं, शब्द यायला वेळ लागला, तोवर तो पुढच्या पंगतीला निघून गेला. मॅनेजर म्हणाला, पेशंट माणसाला कशाला आणता इतक्या लांब. आण्णा घरी येईपर्यंत बोलले नाहीत, आणि नंतर कितीतरी दिवस "बाहेर जाऊ" म्हणाले नाहीत. पैसे गेल्याचं काही नाही. एका माणसाला त्याच्यादेखत नसल्यात जमा केलं, ते माझ्या अजून मनातून जात नाही.

त्यामुळं तुमच्याकडं येताना मी धास्तावलेलीच होते. हंगाम संपत आलेला, ज्वारीचा दाणा सगळीकडं टणक झालेला. तुम्ही उशिरा पेरलेल्या गूळभेंडीच्या, म्हणजे हुरड्याच्या ज्वारीच्या, थोड्या ओळी राखल्या होत्या, म्हणून आम्हाला या म्हणालात. लिंबाखाली बाज टाकलीत. आईनं सकाळी बळंच घातलेला स्वेटर आण्णांनी डाव्या हातानं स्वतः ओढून काढला. पोरं बांधावरनं पळत होती, लांब गवतात काळवीट दिसलं म्हणून ओरडत होती. पळस फुलला होता. वारा होता, ऊन अंगाला लागत होतं पण टोचत नव्हतं. इतक्या महिन्यांनी आम्ही सगळे एकत्र उघड्यावर बसलो होतो.

आणि मग तुम्ही आगटीपासनं उठून आलात, बाजेपाशी खाली मातीत बसलात आणि आण्णांकडं बघून विचारलंत, "आण्णा, कवळा आणू का भरलेला?"

मी सवयीनं उत्तर द्यायला गेले. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. रागानं नव्हे, तुम्हाला आण्णांचं उत्तर हवं होतं, एवढंच. तुम्ही थांबलात. आगटीत कणसं होती, ती करपली असती. तुम्ही मागं वळून बघितलं नाही, घाई दाखवली नाही, शब्द पुरवला नाहीत. आण्णांचे ओठ हलत राहिले आणि शेवटी शब्द आले, "चिकातला नको. भरलेला."

"बरोबर बोलला आण्णा," तुम्ही म्हणालात, "उन्हानं दाणा लवकर भरायलाय यंदा."

दादा, आण्णा मूळचे मंगळवेढ्याकडचे. यंत्रमागावर चादरी विणण्यात आयुष्य गेलं, पण लहानपण त्या काळ्या रानात, मालदांडीच्या ज्वारीत गेलं. तुम्हाला हे काहीच माहीत नव्हतं. तुम्ही शेतकऱ्याशी बोलावं तसं त्यांच्याशी बोललात, आणि ते शेतकऱ्यासारखं बोलायला लागले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तुम्ही सांगितलंत, त्यावर "आधीपासनंच चांगली" एवढं वाक्य त्यांनी एका दमात पुरं केलं. आईनं माझा हात धरला. तुम्ही गरम कणीस चोळलंत, फुंकर मारून कोंडा उडवलात आणि हुरडा आण्णांच्या तळहातावर ठेवलात. माझ्या ताटलीत नाही. थोडा सांडला. सांडू दिलात. शेंगाची चटणी, दही, गूळ सगळं छान होतं, पण त्याबद्दल लिहायला हे पत्र नाही.

सावली सरकली तशी बाज सरकवलीत, तेही आण्णांना विचारून.

आजारी माणसाच्या घरात औषधं आणून देणारे मिळतात, पैशाची मदत करणारेही मिळतात, त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण बोलायला अडखळणाऱ्या माणसाकडं बघून त्याला सरळ प्रश्न विचारणारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसणारा माणूस आम्हाला तुमच्या आधी भेटला नव्हता. आम्ही घरचेही आण्णांच्या वतीनं बोलत होतो. आता आमच्याकडं चहा करायच्या आधी आण्णांना विचारतात आणि थांबतात. माझी धाकटी तर समोर मांडी घालून बसते.

तुम्हाला एक सोलापुरी चादर पाठवतेय. पेठेत जाऊन आण्णांनी स्वतः निवडली. निवडायला बराच वेळ लागला, दुकानदारही थांबला.

आणि आण्णांचा निरोप आहे, त्यांनी सांगितला तसा लिहिते. पुढच्या वर्षी गूळभेंडी एकदम पेरू नका. पंधरा-पंधरा दिवसांनी, दोन-तीन टप्प्यांत पेरा, म्हणजे ऊन लवकर आलं तरी हुरडा पुरतो. पाखरं राखायला गोफण घेऊन बाजेवर बसायची त्यांची तयारी आहे. डाव्या हातानं जमेल, म्हणतात.

तुमची ताई,
सोलापूर