टेप कोण ऐकणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मानसशास्त्रज्ञ घडवायला एवढी वर्षं कशाला, असं विचारणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मानसिक त्रासाने गांजलेली माणसं पुष्कळ आणि तज्ज्ञ थोडे, तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आटोपशीर करावा, व्याख्यानं ऑनलाइन द्यावीत आणि वर्षभरात मुलांना कामाला लावावं, असा लेखकाचा सूर आहे. त्यातलं निम्मं मला मान्य आहे. सव्वीस वर्षं मी हाच विषय शिकवला. व्याख्यानांचं म्हणाल तर ती खुशाल ऑनलाइन घ्या. स्किझोफ्रेनियाची लक्षणं मी फळ्यावर लिहिली काय आणि पडद्यावर उमटली काय, मुलं ती उतरवूनच घेतात. (माझे तास कंटाळवाणे असतात, अशी मुलांची कुजबुज माझ्या कानावर येई. खोटी नसावी.)

माझी अडचण उरलेल्या निम्म्याची आहे. त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही, म्हणून हे पत्र.

मी स्वतः शिकत होते तेव्हाची गोष्ट. माझं पहिलं सत्र, पन्नास मिनिटांचं. समोर नवरा गेल्यापासून झोप उडालेली एक बाई. (ओळख पटेल असे तपशील इथे आणि पुढेही बदलले आहेत.) त्यांची परवानगी घेऊन टेबलावर कॅसेट रेकॉर्डर ठेवला होता. सत्र झकास झालं अशा समजुतीत मी कॅसेट घेऊन माझ्या सुपरवायझर बाईंकडे गेले. त्यांनी कॅसेट लावली, माझ्यापुढे कागद, पेन्सिल आणि घड्याळ सरकवलं आणि म्हणाल्या, ‘कोण किती बोललं, मोज.’ मी एकतीस मिनिटं बोलले होते. त्या बाई तीन वेळा ‘पण रात्री...’ म्हणून सुरुवात करत होत्या आणि तिन्ही वेळा मी त्यांचं वाक्य तोडून झोपेच्या चांगल्या सवयी सांगत होते. कॅसेट संपल्यावर सुपरवायझर बाईंनी एवढंच विचारलं, ‘रात्री काय?’

मला माहीत नव्हतं. परीक्षेत याच विषयाच्या पेपरला मी वर्गात पहिली आले होते.

सुपरव्हिजन म्हणतात ती ही. बाहेरच्या माणसाला वाटतं, वरिष्ठाने अधूनमधून ‘काय, कसं चाललंय?’ असं विचारायचं, म्हणजे झाली सुपरव्हिजन. तसं विचारलं की प्रत्येकाचं उत्तम चाललेलं असतं. बंद खोलीत काय घडलं ते उपचार करणाऱ्याने आठवेल तसं सांगायचं, हीच पूर्वीची रीत होती, आणि आठवण नेहमी सांगणाऱ्याच्या बाजूची. १९४०च्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सत्रं ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तेव्हा तबकड्यांवर मुद्रण व्हायचं आणि थोड्या थोड्या वेळाने तबकडी बदलावी लागायची. १९४२ साली रॉजर्सनी एका माणसावरचा संपूर्ण उपचार, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, पुस्तकात छापला. तेव्हापासून शिकणाऱ्याला लपायला जागा उरली नाही. निदान उरू नये.

टेपमध्ये काय सापडतं त्याचं एकच उदाहरण देते, कारण ते मी वर्षानुवर्षं, बॅचमागून बॅच ऐकत आले. खूप निराश झालेल्या माणसाला आत्महत्येबद्दल थेट विचारायचं असतं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, हे संशोधनातून पुरेसं दिसलं आहे आणि विद्यार्थ्यांना ते तोंडपाठ असतं. उत्तरपत्रिकेत सगळे बरोबर लिहितात. आणि प्रत्यक्ष सत्रात? ‘तसा काही विचार वगैरे तर येत नाही ना?’ हे वाक्य मी किती टेपांमध्ये ऐकलं असेल! ‘तसा’, ‘काही’, ‘वगैरे’ आणि वर ‘नाही ना’. समोरच्याने ‘छे छे’ म्हणावं म्हणून केलेली ही विनवणीच आहे. तो ‘छे छे’ म्हणतोही, आणि शिकणाऱ्याचा सुटलेला निःश्वाससुद्धा टेपवर ऐकू येतो.

तिथे मी टेप थांबवायचे. ‘हे वाक्य पुन्हा म्हण. माझ्याकडे बघून म्हण.’ मग रोलप्ले. मी पेशंट व्हायचे. ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ एवढं साधं वाक्य जिभेवर यायला कुणाला चार वेळा म्हणावं लागे, कुणाला पंधरा वेळा. एक मुलगा सहाव्यांदा म्हणताना रडला, आणि त्या दिवशी आम्ही टेप बाजूला ठेवून त्याच्या घरातल्या एका मृत्यूबद्दल बोललो. पुढच्या आठवड्यात त्याने ते वाक्य खऱ्या माणसापुढे उच्चारलं. समोरून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग ‘हो.’ आणि मग पुढचं सगळं: किती दिवसांपासून, काय ठरवलंय, साधन जवळ आहे का, आज कोण सोबत आहे. पहिल्या टेपमधला ‘छे छे’ याच माणसाचा होता.

चाचण्यांचं पुष्कळ सांगता येईल, पण थोडक्यात उरकते. बुद्धिमापन चाचणीत मुलाने ठोकळ्यांची आकृती अर्ध्यात सोडली की शिकाऊ परीक्षकाचा हात आपोआप पुढे जातो आणि ठोकळा हळूच फिरवतो. चांगुलपणाने! त्या एका ठोकळ्याने गुण बिघडतात, आणि पुढे त्या आकड्यावरून मुलाला शाळेत काय मदत मिळायची ते ठरतं. हे शेजारी कुणी बसलेलं असल्याशिवाय कळत नाही.

आपल्या लेखकाने प्रबंधावरही कुऱ्हाड चालवली आहे. उपचार करायचे तर संशोधन कशाला, असा त्यांचा सवाल. माझ्या विद्यार्थ्यांचंही हेच गाऱ्हाणं असे आणि मी त्याला कधी भीक घातली नाही. १९५४ साली पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने वीसेक अभ्यास एकत्र तपासले. तज्ज्ञाने अनुभवावरून केलेलं भाकीत आणि साध्या आकडेमोडीने काढलेलं भाकीत यांत जवळजवळ प्रत्येक वेळी आकडेमोड तरी सरस ठरली, नाही तर बरोबरी झाली. मील स्वतः पेशंट तपासणारा माणूस होता, हे विशेष. आपला अंदाज चुकू शकतो, हे आकड्यांत एकदा हात काळे केल्याशिवाय पटत नाही. प्रबंध कपाटात धूळ खात पडेना का, लिहिणाऱ्याची खोड मोडलेली असते.

राहिला तुटवड्याचा मुद्दा. तो आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मनाने खचलेले सैनिक हजारोंनी परतले आणि मानसशास्त्रज्ञ कमी पडले. १९४९ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे दोन आठवडे परिषद भरली. एवढी निकड असूनही तिथे ठरलं ते डॉक्टरेटपर्यंतचं शिक्षण, संशोधन आणि उपचार दोन्ही, शिवाय वर्षभर प्रत्यक्ष कामाचा अनुभव. पुढे १९७३ साली व्हेल इथे भरलेल्या अशाच परिषदेने संशोधनापेक्षा उपचारांवर भर देणाऱ्या पदव्यांनाही मान्यता दिली. हाताखाली काम करून शिकणं मात्र त्यांनीही ठेवलं. ब्रिटनमधल्या तीन वर्षांच्या डॉक्टरेटमध्ये साधारण निम्मा वेळ प्रौढ, मुलं, वृद्ध असा फिरत प्रत्यक्ष पेशंटांसोबत जातो.

आता माझं खरं दुखणं. मी शेवटची काही वर्षं ज्या विभागात होते (नाव लिहीत नाही), तिथे माझ्याकडे सुपरव्हिजनला चार विद्यार्थी असत. आठवड्याला प्रत्येकाच्या दोन टेप. एका टेपमागे ऐकायला आणि बोलायला मिळून माझा दीड तास. म्हणजे बारा तास. जमत होतं. मग जागा वाढल्या. बाकं आली, प्रोजेक्टर आला, सुपरवायझर तेवढेच राहिले. माझ्याकडे अकरा जण आले. त्याच हिशोबाने तेहेतीस तास, आणि वर तास घेणं, पेपर तपासणं, माझे स्वतःचे पेशंट. काय झालं असेल ते सांगायला नको, पण सांगते. प्रत्येकाची एक टेप, तीही पुढे पळवत. मग महिन्याला एक. लॉगबुकात, म्हणजे सुपरव्हिजनच्या नोंदवहीत, मात्र तास पूर्ण भरत होते आणि खाली सही माझी होती. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, मागच्या तीन टेप ऐकल्यात का?’ मी म्हटलं, ‘वाचलंय मी तुझं टिपण.’ तिने मान डोलावली. पुढच्या वेळेपासून तिने टेप आणणंच बंद केलं आणि मीही मागितली नाही. त्या वर्षअखेरीस मी राजीनामा दिला. ती पास होऊन आता कुठेतरी पेशंट पाहत असेल. चांगलंच पाहत असेल, पण ते मी ऐकलेलं नाही.

तेव्हा अभ्यासक्रम वर्षाचा करा नाही तर तीन वर्षांचा, माझं एकच विचारणं आहे. प्रवेशाच्या दिवसांत आपण पुरवणी काढता. तीत फी, जागा, पात्रता, वसतिगृह असे रकाने असतात. त्यात आणखी एक रकाना घालता येईल का: एका सुपरवायझरमागे विद्यार्थी किती? आणि वार्ताहर कुठल्या विभागात गेलेच, तर लॉगबुक पाहू नका. मुलांना बाजूला घेऊन विचारा, तुमची शेवटची टेप कुणी ऐकली आणि कधी.

आपली,
एक निवृत्त क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट
(कृपया नाव छापू नये)