मार्क भरलेच नव्हते तरी ॲपने निकाल पाठवला, याबद्दल तक्रार

नमस्कार,

ऐरोलीत आमची छोटी शाळा आहे, 64 मुलं, तीन गट, एकेका गटात वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र शिकतात. तुमच्या ॲपच्या डेमोच्या दिवशी तुमच्या दादांना हे गट फिरून दाखवले होते, ते म्हणाले मॅडम सगळं कस्टमाइझ होतं, टेन्शन नको. जूनमध्ये वर्षभराचे पैसे भरले.

आता इयत्ता टाकल्याशिवाय मूल ॲडच होत नाही. यूडायसला, म्हणजे सरकारच्या शाळा-माहिती नोंदणीला, इयत्ता लागते ती आम्ही तिथे भरतोच, पण रोजच्या कामात कशाला? आमच्या ताई प्रत्येक मुलाबद्दल पानभर लिहितात, काय जमायला लागलं, कुठे अडतंय. तुमच्या शेऱ्याच्या रकान्यात 250 अक्षरं, त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतं, दोन वाक्यात जागा संपते. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही समग्र प्रगतीपुस्तकच सांगितलंय, म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागत नाही.

पण शनिवारी जे झालं त्याने मला झोप नाही. सत्र संपलं म्हणून ॲपने आपोआप टक्के काढले, नंबर लावले आणि पालकांना मेसेज पाठवले, आम्ही मार्क भरलेच नव्हते तर रिकाम्या जागेला शून्य धरलं! आमची एक मुलगी 11 वर्षांची, दिघ्याहून येते, आधी कधी शाळेत गेलेली नाही, या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तिने. तिच्या आईने शेजारच्या मुलाकडून मेसेज वाचून घेतला, नापास. सोमवारी मुलगी आली नाही. मी घरी गेले तर आई म्हणाली, ताई तुम्ही तर म्हणाला होता इथे नापास करत नाहीत.

ताईंना वहीवरून ॲपवर आणायला मी तीन महिने मागे लागले होते, जेवणाच्या सुट्टीत एकेकीजवळ बसून शिकवलं. आता त्यांनी वह्या परत काढल्यात, आणि मी त्यांना थांबवू शकत नाही.

आजच्या आज ऑटो रिझल्ट बंद करा. सगळ्या पालकांना तुमच्या नावाने, मराठीत, चूक आमची होती असा मेसेज पाठवा. मुलांच्या नोंदी एक्सेलमध्ये परत द्या, पीडीएफ नको, आणि उरलेल्या महिन्यांचे पैसेही. पालकांनी संमती शाळेच्या नोंदींसाठी दिली होती, नंबर लावायला नाही, आणि 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबद्दल 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माहीत असेलच. शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर पाहिजे, सपोर्टचा तिकीट नंबर नको.

मुख्याध्यापिका, ऐरोली