अपघात विभागाबाहेरच्या बाकड्यापाशी थांबणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आत जखमींसाठी डॉक्टर, सिस्टर असतात. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांसाठी समाजसेवा अधीक्षक म्हणून तुम्ही. तिथली माणसं पुढे आम्हा समुपदेशकांकडे येतात, तेव्हा तुमच्या कामाचं मोल कळतं. म्हणून हे जाहीर आभार.

माणूस गेलेला असतानाही फोनवर ‘सिरियस आहे, लवकर या’ म्हणायची आपल्याकडे रीतच पडली आहे. घरचे जिवावर उदार होऊन गाडी हाकत येतात, आणि ‘थोडं आधी पोचलो असतो तर’ ही बोचणी वर्षानुवर्षं सुटत नाही. तुम्ही नातेवाइकांना आधी बसवता, कुणी एकटं असेल तर जवळचं माणूस बोलावता आणि डॉक्टरांना ‘ते गेले’ असं स्पष्ट सांगायला लावता. मग गप्प बसता. ‘धीर धरा’ नाही की ‘नशीब’ नाही.

ओळख पटवण्याआधी चेहरा पुसून घेता. जखम कुठे आहे, काय झाकलंय, ते दाराबाहेरच सांगता. बघायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. घड्याळ, मंगळसूत्र, पाकीट यादी करून देता. पिशवीतला मोबाइल वाजतच असतो. तो आधी सायलेंट करायचं सुचणारं माणूस विरळाच.

त्या घटकेला ऐकलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून तुमचा तो एक कागद: पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल कुठे मिळेल. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही, तरी केंद्राच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, हेही त्यावर.

पहिल्याच दिवशी ‘सगळं बोलून टाक’ म्हणत खोदून विचारल्याने आघात हलका होत नाही, काहींचा तर वाढतो. ‘गोळी देऊन झोपवा’ हा आग्रहही तुम्ही मोडून काढता, ते बरंच. त्या गोळ्यांनी पुढचा त्रास टळत नाही, सवय मात्र लागते.

झोप उडणं, ब्रेकच्या आवाजाने दचकणं, दुचाकीवर बसायला नको वाटणं हे सुरुवातीचे काही आठवडे साहजिक. बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही तेच चालू असेल, तर उपचार लागतात. नेमका तेव्हा तुमचा फोन जातो. ज्याच्या हातून धडक बसली त्या चालकालाही.

तुमचा तो कागद आम्ही न विचारताच उचललाय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तेवढा ठळक केला.

आपले,
समुपदेशक सहकारी