प्रमाणपत्र मिळालं, पुढे हिशोबाला कोण बसणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात महिला बचत गटांच्या उद्योजकता प्रशिक्षणाचा समारोप झाल्याची बातमी आणि फोटो होता. हातात प्रमाणपत्रं धरून उभ्या असलेल्या पंचवीस-तीस बायका. चार वर्षांपूर्वी अशाच एका फोटोत दुसऱ्या रांगेत मी होते, म्हणून हे पत्र.

मी मंगळवेढा तालुक्यातली. आमच्याकडची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमचा दहा जणींचा गट कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. प्रशिक्षण सहा दिवसांचं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण शिकवणारे लोक चांगले होते आणि मनापासून शिकवत होते. पण ते ठेवलं ऐन सुगीत, फेब्रुवारीत. ज्वारीची काढणी चालू असताना सकाळी दहा ते पाच कोण येणार? तिसऱ्या दिवशी निम्म्या बायका रानात होत्या. ज्या राहिल्या त्यांना बाजारपेठेचं सर्वेक्षण, ब्रँडिंग, मोबाईलवरून विक्री असं सगळं पडद्यावर दाखवलं. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, फोटो, नाश्ता. त्यानंतर एक फोन आला, "उद्योग सुरू आहे का?" मी "हो" म्हटलं. तिकडे तेवढीच नोंद झाली असावी.

उद्योग सुरू होता हे खरंच. दहा भाकरींचं पुडकं पन्नास रुपयांना जात होतं, सोलापूरचा दुकानदार दहा रुपये कापून चाळीस हातात देत होता, आणि वर्ष झालं तरी गटाच्या खात्यात काही साठत नव्हतं. आम्हाला वाटायचं, माल कमी पडतोय. म्हणून पहाटे आणखी लवकर चूल पेटवायची.

शेजारच्या गावच्या गटातल्या एक आक्का आहेत, चौथी शिकलेल्या, पंधरा वर्षं पापड-सांडग्यांचा धंदा करतात. एकदा रात्री जेवणं झाल्यावर त्या आमच्या ओसरीवर बसल्या आणि गटाच्या हिशोबाचा चोपडा मागितला. पानं उलटून विचारलं, "ज्वारी कुठं लिहिलीय?" मी म्हटलं, ज्वारी घरचीच आहे, तिचे काय पैसे लिहायचे? त्यांनी चोपडा मिटला. "बाजारात घातली असतीस तर फुकट दिली असतीस का गं?"

मग एकेक मांडत गेलो. दहा भाकरीला दळणासकट ज्वारी २५ रुपये. पिशवी आणि लेबल ४. सरपण-गॅस ५. झाले ३४. चाळीसातले राहिले सहा. दर दहा पुडक्यांमागे एक एसटीत मोडून परत यायचं, त्याचे पुडक्यामागे चार गेले. उरले दोन रुपये, आणि त्यात बायकांची मजुरी धरलेलीच नव्हती. दहा भाकरी थापून, भाजून, कडक करायला अर्धा तास जातो. म्हणजे तासाला चार रुपये. खुरपायला गेलं तर दिवसाला तीनशे मिळतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आक्कांनी पुडक्याचा दर सत्तर करायला लावला, पिशवीऐवजी पुठ्ठ्याचा खोका घ्यायला लावला, मोडलेल्या भाकरीचा चुरा वेगळा विकायला लावला. चुरा आमटीत कुस्करायला लोक आवडीने नेतात. दर वाढवल्यावर गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती, दोन दुकानं तुटलीही. बाकीची टिकली. आता पुडक्यामागे सतरा-अठरा रुपये राहतात. अन्न परवान्याच्या साध्या नोंदणीची फी तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती, त्यासाठी तालुक्यातल्या एकाने आमच्याकडून १८०० घेतले होते, हेही आक्कांमुळेच कळलं.

आमच्या बायकांना हिशोब येत नाही असं कुणी म्हणू नये. पंढरपूरच्या पलीकडे म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आधी परवाना नाकारला गेला होता, कारण बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो म्हणाल्या. आकडेमोड येतेच. आपली ज्वारी, आपला घाम हिशोबात धरायचा असतो, हे मात्र कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं.

पैशाच्या योजना आहेत. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान आहे, गटातल्या प्रत्येकीमागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल, म्हणजे खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी पैसे, आहे. प्रस्ताव करायला माणूसही मिळतो, पण त्याचं मानधन कर्जमंजुरी आणि नोंदण्यांशी बांधलेलं. यंत्र आल्यानंतर धंदा तोट्यात चाललाय का, हे बघायला कोण येतं? बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या रचनेत प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा धरलेला आहे. हे अगदी योग्य आहे. प्रत्येक प्रशिक्षणाला ते लागू करा, आणि पाठपुरावा म्हणजे फोन नव्हे, महिन्यातून एकदा चोपडा उघडून बसणं. त्यासाठी शहरातून माणूस आणायची गरज नाही. आक्कांसारख्या बायका प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना रीतसर मानधन आणि जाण्यायेण्याचं भाडं द्या. गावातल्या समुदाय संसाधन व्यक्तींवर, म्हणजे बचत गटांचं काम बघायला नेमलेल्या गावातल्याच बायकांवर, हे टाकू नका, बैठका आणि ऑनलाइन नोंदींतच त्यांचा दिवस जातो.

आणि आपल्याला एक विनंती. त्या फोटोतल्या बायकांकडे दोन वर्षांनी आपला वार्ताहर पाठवा. किती जणींचा धंदा चालू आहे आणि मजुरी धरून हातात काय राहतं, ते छापा. आमच्या गटाचा चोपडा दाखवायला मी तयार आहे.

आपली,
एका बचत गटाची सचिव,
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर